साकामोतोचे दुकान : एका जपानी चित्रमालिकेचे प्रथमदर्शन

वस्तीच्या कोपऱ्यावरचे छोटे दुकान ही जगात बहुतेक ठिकाणी सारखीच दिसणारी गोष्ट आहे. बिस्किटे, साबण, शाळकरी मुलांच्या पेन्सिली, उधारीची वही आणि या सर्वांच्या मागे शांतपणे बसलेला दुकानदार. कोणाच्या घरी कोणता जिन्नस लागतो हे त्याला पाठ असते. त्याच्या स्वतःच्या पूर्वायुष्याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. तो जणू जन्मल्यापासून गल्ल्यावरच बसलेला आहे, अशी सर्वांची समजूत असते. या न केलेल्या चौकशीतच एका जपानी चित्रमालिकेची कथा दडलेली आहे. मालिकेचे नाव 'साकामोतो डेज', म्हणजे साकामोतोचे दिवस. जानेवारी २०२५ मध्ये जपानच्या टीव्ही टोकियो वाहिनीवर ती सुरू झाली, आणि नेटफ्लिक्सच्या द्वारे त्याच सुमारास भारतासह अनेक देशांतील घरांत पोहोचली. मारामारी आणि विनोद यांचे मिश्रण हा जपानी चित्रमालिकांचा एक लोकप्रिय प्रकार आहे. या प्रकारातील नव्या मालिकेची पहिली ओळख करून घेताना ती कशाने हसवते, कोठे उणी पडते आणि हसवता हसवता कोणता प्रश्न पुढे ठेवते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम कथेचे बीज पाहावे. तारो साकामोतो हा एकेकाळचा अजिंक्य भाडोत्री मारेकरी. दुष्टांना त्याचे भय आणि समव्यवसायी मारेकऱ्यांना त्याचे कौतुक. असा हा पुरुष एके दिवशी एका दुकानात जातो, तेथे काम करणाऱ्या आओइ नावाच्या तरुणीला पाहतो आणि प्रेमात पडतो. मग तो व्यवसाय सोडतो, लग्न करतो, त्याला हाना नावाची मुलगी होते, आणि तो लठ्ठ होतो. मालिका हे सारे चरित्र अवघ्या काही क्षणांत आटोपते, आणि त्या वेगातच पहिले हसू उमटते. ज्याच्या नुसत्या नावाने अंगावर काटा यावा तो माणूस आता गोल चेहऱ्याचा, गोल पोटाचा, चष्मा लावलेला, मिशा राखलेला आणि कमरेला एप्रन बांधलेला दुकानदार झालेला असतो. त्याच्या दुकानाला त्याचेच नाव आहे. तेथे गिऱ्हाइके येतात, मुले खाऊ घेतात, आणि साकामोतो फारसे काही न बोलता पैसे मोजतो.

या निवांतपणात शिन नावाचा एक तरुण शिरतो. तो साकामोतोचा जुना सहकारी. दुसऱ्याच्या मनातील विचार ऐकण्याची अद्भुत शक्ती त्याला लाभलेली आहे. साकामोतोने पुन्हा जुन्या धंद्यात यावे, आणि तो नकार देईल तर त्याचा काटा काढावा, अशा दुहेरी कामगिरीवर त्याला पाठविलेले असते. साकामोतो अर्थातच नकार देतो. पुढे जे घडते त्यातून शिन त्याचा वैरी होण्याऐवजी त्याच्याच दुकानातला नोकर होतो. काही भागांनंतर चिनी गुन्हेगारांची टोळी मागे लागलेली लू शाओतांग ही तरुणीही या दुकानात आश्रयाला येते आणि तेथेच रमते. ही मुलगी ताइ ची या चिनी युद्धकलेत निपुण असून मद्याची धुंदी चढली की अधिकच अनावर होते. अशा रीतीने दुकान वाढत जाते, ते मालाने नव्हे, माणसांनी. दरम्यान साकामोतोच्या डोक्यावर शंभर कोटी येनचे इनाम लागल्याची वार्ता पसरते, आणि त्या लोभाने एकाहून एक विक्षिप्त मारेकरी त्याचा माग काढीत येऊ लागतात.

येथवर ही कथा अनेक साहसकथांसारखीच वाटेल. तिला निराळेपण येते ते एका साध्या घरगुती नियमामुळे. साकामोतोच्या कुटुंबाचा नियम असा, की कोणाचाही जीव घ्यायचा नाही. आओइला पतीचा पूर्वेतिहास ठाऊक आहे. ती त्याबद्दल त्रागा करीत नाही, किंवा त्याचे कौतुकही करीत नाही. तिची अट एवढीच, की तो इतिहास या घराच्या उंबऱ्याबाहेर राहिला पाहिजे. त्यामुळे साकामोतोची प्रत्येक लढाई दुप्पट कठीण होते. समोरचे शत्रू त्याला ठार मारण्यासाठी आलेले असतात. त्याला मात्र त्यांना निःशस्त्र करावयाचे, बेशुद्ध करावयाचे, आणि शक्य तर संध्याकाळच्या जेवणाला वेळेवर घरी परतावयाचे असते. मारणे सोपे, न मारता थांबविणे अवघड, हा या मालिकेचा मूलमंत्र होय. त्याच्यावरच तिचा विनोद आणि तिचे गांभीर्य दोन्ही उभी आहेत.

मालिकेच्या जन्माची हकिकत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. जपानी भाषेत छापील चित्रकथेला 'मांगा' आणि पडद्यावर हलणाऱ्या चित्रकथेला 'अ‍ॅनिमे' म्हणतात. 'साकामोतो डेज' ही मूळची मांगा. युतो सुझुकी या चित्रकाराने ती नोव्हेंबर २०२० पासून शुएइशा प्रकाशनाच्या 'शोनेन जंप' या साप्ताहिकात लिहिण्यास व रेखाटण्यास आरंभ केला. १९६८ साली निघालेल्या या नियतकालिकाने जपानच्या कितीतरी विख्यात चित्रकथांना जन्म दिला आहे. आठवड्यागणिक एक प्रकरण द्यावयाचे आणि वाचकांच्या पसंतीला उतरावयाचे, ही तेथील कठोर शिस्त. तिच्यात टिकून राहिलेल्या या कथेला चार वर्षांनी चित्रमालिकेचे रूप मिळाले. टीएमएस एंटरटेनमेंट या संस्थेने निर्मिती केली, मासाकी वातानाबे यांनी दिग्दर्शन केले, ताकु किशिमोतो यांनी कथेची भागवार मांडणी केली आणि युकी हायाशी यांनी संगीत दिले. २०२५ च्या जानेवारी ते मार्च या काळात अकरा भाग दाखविले गेले, आणि जुलैपासून उत्तरार्ध सुरू झाला.

आता विनोदाकडे वळावे. त्याचे पहिले अंग शरीराचे आहे. लठ्ठ मनुष्य अडखळला की हसावयाचे, ही जगातील फार जुनी आणि काहीशी निर्दय रीत. या मालिकेने ती उलटी फिरविली आहे. साकामोतो लठ्ठ आहे खरा, परंतु तो अडखळत नाही. पिसासारखा उडतो, मांजरासारखा उतरतो, आणि भोवतालचे सडपातळ, रुबाबदार मारेकरीच तोंडावर आपटतात. हसू येते ते पाहणाऱ्याच्या अंदाजाचे. चेहऱ्यावरून आणि अंगलटीवरून माणसाची किंमत करणारे प्रत्येक वेळी फसतात, आणि त्यांच्याबरोबर प्रेक्षकही थोडासा फसतो. फार मोठ्या झुंजीत साकामोतोची चरबी जणू जळून जाते आणि क्षणभर पूर्वीचा सडसडीत तरुण दिसू लागतो. पण हे रूप टिकत नाही. खाणेपिणे होताच दुकानदार परत येतो. तरुणपणीचे तेज हेच खरे रूप आणि आजचे पोट ही केवळ दुरवस्था, असे मालिका मानीत नाही. घरच्या माणसांना प्रिय आहे तो आजचाच साकामोतो, हे ती न बोलता सुचविते.

विनोदाचे दुसरे अंग मौनाचे. जपानात 'मान्झाइ' नावाचा दोघांच्या संवादाचा एक लोकप्रिय हास्यप्रकार आहे. ओसाका शहर हे त्याचे माहेरघर. त्यातला एक जण भाबडेपणाने भलतेच काही बोलतो किंवा करतो. त्याला 'बोके' म्हणतात. दुसरा त्याची चूक तत्काळ पकडून त्याला फटकारतो. तो 'त्सुक्कोमी'. मराठी तमाशातील सोंगाड्या आणि त्याला उलट प्रश्न विचारणारा जोडीदार यांची ज्यांना ओळख आहे, त्यांना या जोडीची गंमत सांगावी लागणार नाही. 'साकामोतो डेज'मध्ये या रचनेला एक चतुर मुरड घातली आहे. येथील बोके बोलतच नाही. साकामोतोच्या तोंडून क्वचितच शब्द निघतो. परंतु शिनला मनातले ऐकू येत असल्यामुळे संवाद अखंड चालू राहतो, आणि तो बिचारा भर दुकानात कोणी न उच्चारलेल्या वाक्यांना उत्तरे देत सुटतो.

यातूनच मालिकेतील सर्वांत बोलकी थट्टा जन्माला आली आहे. साकामोतो चिडला की मनातल्या मनात शिनचा खून करतो. चेहरा निर्विकार, हात गल्ल्यावर, आणि मनात मात्र शिन धारातीर्थी पडलेला. शिनला ते सारे दिसते व तो कळवळून तक्रार करतो. ही थट्टा पुन्हा पुन्हा येते. हसता हसता तिचा अर्थही ध्यानात येतो. साकामोतोचे हात नियमाने बांधलेले आहेत, मन बांधलेले नाही. जुनी सवय मेलेली नसून ती रोज आवरावी लागते. व्रत एकदा घेऊन भागत नाही, ते दिवसातून दहा वेळा पाळावे लागते, हा विचार एखाद्या प्रवचनात आला असता तर कदाचित जड वाटला असता. येथे तो किराणा मालाच्या मांडण्यांमध्ये, हशाच्या ओघात येऊन जातो.

तिसरे अंग वस्तूंचे आहे. साकामोतो शस्त्रांवर अवलंबून नाही. दुकानात, रस्त्यावर, घरात जे हाताशी येईल ते त्याचे हत्यार होते. या कल्पनेला चित्रपटसृष्टीत मोठी परंपरा आहे. मूकपटांच्या काळात बस्टर कीटनने निर्विकार चेहऱ्याने दारे, शिड्या आणि आगगाड्या यांच्याशी जी झोंबी घेतली, तिच्यातूनच पुढे हाँगकाँगचा जॅकी चॅन शिकला, आणि १९८५ च्या 'पोलीस स्टोरी'सारख्या चित्रपटांत त्याने एका अवाढव्य दुकानातील सामानाचेच रणांगण केले. साकामोतो या कुळातला आहे. हाणामारी चालू असताना भोवतालची जागा, तेथील वस्तू आणि त्यांचा उपयोग यांवर नजर ठेवणे हा या प्रकारातील खरा आनंद असतो. मूळ मांगात सुझुकींनी तो भरभरून दिला आहे. कोण कोठे उभा आहे, वस्तू कोठून कोठे गेली, हे त्यांच्या रेखाटनात कधी संदिग्ध राहत नाही.

याच ठिकाणी चित्रमालिकेची पहिली उणीव दिसू लागते. मालिका सुरू होताच मांगाच्या अनेक चाहत्यांनी तक्रार केली, की कागदावर स्थिर असलेली चित्रे जितकी धावत होती, तितकी पडद्यावर हलणारी चित्रे धावत नाहीत. हे विधान वरवर विचित्र वाटते. स्थिर चित्र हलत्या चित्राहून गतिमान कसे असेल? याचे उत्तर दोन्ही माध्यमांच्या घडणीत आहे.

मांगाच्या पानावर काळ चित्रकाराच्या हाती नसतो, वाचकाच्या डोळ्यांत असतो. चौकट लहान केली की दृष्टी झरझर पुढे सरकते, मोठी केली की थबकते. एका चौकटीत उगारलेला हात आणि पुढच्या चौकटीत कोसळलेला शत्रू एवढेच दाखविले, तरी मधला आघात वाचक स्वतःच्या कल्पनेने पुरा करतो, आणि कल्पनेइतका वेगवान चित्रकार कोठेही नाही. पडद्यावर मात्र तो मधला क्षण कोणाला तरी प्रत्यक्ष रेखाटावा लागतो. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. वीस मिनिटांच्या कथाभागाचा हिशोब केला तर त्या अठ्ठावीस हजार आठशे भरतात. इतकी निरनिराळी चित्रे दर आठवड्याला काढणे अशक्यप्राय असल्यामुळे एकच चित्र दोन किंवा तीन चौकटींपर्यंत ठेवण्याची पद्धत जपानात रूढ झाली. तीन चौकटींना एक चित्र धरले, तर सेकंदाला आठच चित्रे लागतात. शिवाय बोलणाऱ्या पात्राचे केवळ ओठ हलविणे, स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकविणे, एकदा काढलेली हालचाल पुन्हा वापरणे अशा युक्तींनी चित्रांची संख्या आणखी कमी होते.

या काटकसरीला इतिहास आहे. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामु तेझुका यांची 'तेत्सुवान आतोमु' ही मालिका जपानी दूरदर्शनवर सुरू झाली. पाश्चात्त्य देशांत ती 'अ‍ॅस्ट्रो बॉय' या नावाने ओळखली जाते. अर्ध्या तासाची कथा दर आठवड्याला चित्ररूपाने देण्याचे धाडस जपानात तिने रूढ केले. पैसा अल्प आणि वेळ त्याहून अल्प, म्हणून तेझुकांनी चित्रे वाचविण्याच्या युक्ती योजल्या, आणि त्या पुढे जपानी शैलीच होऊन बसल्या. गरजेपोटी आलेली काटकसर कुशल हातांत पडली की तिची कला होते. लांबलेला स्थिर क्षण, डोळ्यांतील नुसती चमक, एकाएकी पसरलेली शांतता, ही सारी तिचीच देणगी होय. परंतु तीच काटकसर मारामारीच्या दृश्यात आली की आघाताला वजन राहत नाही. 'साकामोतो डेज'च्या आरंभीच्या भागांत हे काही ठिकाणी जाणवते. ठोसा बसतो, पण त्याचा धक्का प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही. वेगाच्या रेषा आणि रंगांचे झोत हालचालीची जागा घेतात.

या निर्मितिसंस्थेला हे जमण्यासारखे नाही, असे म्हणण्याची सोय नाही. १९६४ साली टोकियो मूव्ही या नावाने स्थापन झालेल्या याच संस्थेने १९७१ मध्ये 'ल्युपिन तृतीय' ही चोराच्या करामतींची अवखळ मालिका काढली. हायाओ मियाझाकी आणि इसाओ ताकाहाता या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या दोघांचा तिच्या दिग्दर्शनात हात होता. १९८८ चा 'अकिरा' हा कात्सुहिरो ओतोमो यांचा चित्रपटही येथेच तयार झाला. त्याच्यासाठी दीड लाखाहून अधिक चित्रे रंगविली गेली. तेव्हा प्रश्न कौशल्याचा नसून वेळ, मनुष्यबळ आणि योजनेचा असतो. चित्रपटाला वर्षे मिळतात, साप्ताहिक मालिकेला आठवडे. ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे उणीव नाहीशी होत नाही, परंतु तिचे कारण कळते, आणि कारण कळलेल्या प्रेक्षकाची टीका अधिक न्याय्य होते.

चित्रांत जे उणे पडते त्याची काहीशी भरपाई आवाजाने केली आहे. साकामोतोचा आवाज तोमोकाझु सुगिता यांचा आहे. २००६ साली सुरू झालेल्या 'गिन्तामा' या विनोदी मालिकेत त्यांनी गिन्तोकी नावाच्या वाचाळ सामुरायाला आवाज दिला होता. अशा कलावंताला जवळजवळ मुक्या नायकाची भूमिका देणे हाच जाणत्या प्रेक्षकांसाठी एक विनोद आहे. सुगिता यांनी ती नुसत्या हुंकारांवर आणि तुटक शब्दांवर पेलली आहे. एकाच हुंकारात संमती, दुसऱ्यात कंटाळा, तिसऱ्यात मुलीविषयीची माया ऐकू येते. शिनच्या भूमिकेत नोबुनागा शिमाझाकी यांना याच्या उलट अखंड बोलावे लागते, आणि त्यांची धांदल या मौनाला चांगली साथ देते. लूला आवाज देणाऱ्या आयाने साकुरा यांनी धिटाई आणि बावळटपणा यांचे मिश्रण नेमके साधले आहे. मालिका मुळातील जपानी आवाजांत ऐकणे लाभदायक ठरते, कारण भाषा कळली नाही तरी हुंकार कळतात. शिन आपल्या धन्याला 'साकामोतोसान' म्हणतो. त्यातील 'सान' या आदरार्थी शब्दात अदब आणि आपुलकी दोन्ही आहेत. मराठीत एखाद्याला 'राव' लावून हाक मारावी, तसा काहीसा तो भाव आहे.

आता त्या घरगुती नियमाकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण खरा प्रश्न तेथेच आहे. ज्याच्या हातून पूर्वी कित्येकांचे प्राण गेले, त्याने केवळ एप्रन बांधल्याने ते ऋण फिटते काय? हा प्रश्न जपानी कथाविश्वाला नवा नाही. १९९४ साली सुरू झालेल्या 'रुरोनी केन्शिन' या मांगात मेइजी काळातील एक माजी मारेकरी उलट्या धारेची तलवार घेऊन हिंडतो. तिने कोणी मरू नये, ही त्याची प्रतिज्ञा. केन्शिनच्या गालावर जखमेची खूण आहे आणि मनात पश्चात्ताप. त्याहूनही मागे गेले, तर बौद्ध परंपरेतील अंगुलिमालाची कथा आठवते. भारतात जन्मलेली ती कथा धर्मग्रंथांच्या वाटेने जपानपर्यंत गेली. बोटांची माळ गळ्यात घालणारा तो दरोडेखोर बुद्धाला शरण जाऊन भिक्षू होतो, पण भिक्षेला निघाला असता लोकांनी भिरकावलेले दगड त्याला सोसावे लागतात. मन पालटले तरी मागचे हिशोब दाराशी येतात, हे ती कथा स्पष्टपणे सांगते. महाराष्ट्रात घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या वाल्या कोळ्याच्या कथेत तर कुटुंब पापाचा वाटा घेण्याचे नाकारते, आणि त्या नकारातून वाल्याचे डोळे उघडतात. साकामोतोची बायकोही पाप वाटून घेण्याची भाषा करीत नाही. ती पुढच्या पापाला दार बंद करते, आणि दाराच्या आत त्याला जागा देते.

या जुन्या कथांच्या शेजारी ठेवले असता 'साकामोतो डेज'चे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही उघड होतात. सामर्थ्य असे, की पालटलेल्या माणसाला तिने ना संन्यासी केले, ना रडवे. त्याला दुकान दिले, संसार दिला, मुलीला बागेत नेण्याची कामगिरी दिली. प्रायश्चित्त म्हणजे अरण्यात जाणेच नव्हे, वेळेवर दुकान उघडणे आणि आलेल्या माणसाला उपाशी परत न पाठविणे हेही असू शकते, असे ती सुचविते. मर्यादा अशी, की ज्यांचे प्राण पूर्वी गेले त्यांच्याविषयी आरंभीचे भाग जवळजवळ मौन पाळतात. भाडोत्री हत्या हा येथे जणू एखादा नेहमीचा पेशा आहे. त्याची संघटना आहे, त्याचे शिक्षण देणारी शाळा आहे, त्याला दर्जे आणि बढत्या आहेत. नोकरशाहीची ही थट्टा खुसखुशीत आहे, परंतु तिच्या आडून रक्ताचा रंग फिका होतो. अंगुलिमालावर पडलेले दगड साकामोतोवर इनामाच्या रूपाने पडतात हे खरे, पण ते लोभाने फेकलेले दगड आहेत, दुःखाने फेकलेले नव्हेत. हा भेद विवेकी प्रेक्षकाच्या नजरेतून सुटू नये.

म्हणूनच एक सूचना आवश्यक वाटते. भारतातील अनेक घरांत अद्याप अशी समजूत आहे, की चित्रे हलताना दिसली म्हणजे ते मुलांसाठीच असणार. जपानात ही समजूत केव्हाच मागे पडली आहे. तेथे बालकांसाठी, किशोरांसाठी आणि प्रौढांसाठी वेगवेगळ्या चित्रमालिका निघतात. 'साकामोतो डेज' किशोरांच्या साप्ताहिकात जन्मली असली, तरी तिच्यात बंदुका, सुरे आणि रक्तपात आहे. पुढील भागांत फाशीची शिक्षा झालेले निर्घृण कैदी जपानात येतात, तेव्हा हशाचा सूरही बराच गडद होतो. लहान मुलांपुढे ती लावून मोठ्यांनी कामाला निघून जावे, अशी ही मालिका नव्हे. जाणत्या मुलांबरोबर बसून पाहिली, तर मात्र बोलण्याला पुष्कळ विषय मिळतील.

जपानी चित्रकलेचे आणि भारताचे नाते तसे नवे नाही. १९९३ साली किपलिंगच्या मोगलीवरील जपानी मालिका दूरदर्शनवरून घरोघरी गेली, आणि रविवारची सकाळ ही त्या पिढीच्या आठवणीत कायमची राहिली. त्याच सुमारास युगो साको या जपानी दिग्दर्शकाने मुंबईच्या राम मोहन यांच्या सहकार्याने रामायणावर पूर्ण लांबीचा चित्रपट तयार केला. फिल्म्स डिव्हिजनमध्ये घडलेले राम मोहन हे भारतीय चलच्चित्रकलेतील अग्रणी. पात्रांची वेशभूषा, नमस्काराची रीत, बसण्याउठण्याची पद्धत भारतीय वाटावी यासाठी दोन्ही देशांतील कलावंतांनी एकत्र परिश्रम केले. जानेवारी २०२५ मध्ये हा चित्रपट भारतातील चित्रपटगृहांत नव्याने दाखविला गेला. हा योगायोग लक्षणीय आहे. ज्या महिन्यात राम-रावणाचे युद्ध जपानी कुंचल्यातून पुन्हा भारतात आले, त्याच महिन्यात एका लठ्ठ दुकानदाराच्या लढायाही येथे येऊन पोहोचल्या. एकीकडे धर्मयुद्धाचे भव्य रूप, दुसरीकडे गल्लीबोळातील संयमाचे विनोदी रूप. दोन्ही एकाच कलेची लेकरे.

दुकान हेच कथेचे केंद्र का, याचाही विचार करण्याजोगा आहे. १९७४ साली टोकियोच्या तोयोसु भागात जपानमधील पहिले सेव्हन-इलेव्हन दुकान उघडले. आज अशा अहोरात्र चालणाऱ्या साखळी दुकानांची संख्या त्या देशात पन्नास हजारांहून अधिक आहे. त्यांना 'कोंबिनी' म्हणतात. तेथे सारे मिळते, सारे स्वच्छ व वेळेवर मिळते, आणि गिऱ्हाइकाला कोणी ओळखत नाही. साकामोतोचे दुकान या साखळीतले नाही. ते एका कुटुंबाचे आहे. मालक गिऱ्हाइकाला ओळखतो, नोकर घरच्या ताटात जेवतो. मोठ्या शहरांतून ओसरत चाललेल्या शेजारधर्माची हुरहूर या रंगीबेरंगी दंगलीच्या तळाशी आहे. शत्रू दुकान उद्ध्वस्त करू पाहतात, आणि दुकान पुन्हा उभे राहते. या झगड्यात प्रेक्षक नकळत गुंततो तो साकामोतोच्या कीर्तीसाठी नव्हे, तर उद्या सकाळी ते दार उघडावे म्हणून. मुंबईच्या चाळीखालच्या किंवा इंदूर-बडोद्याच्या गल्लीतल्या वाण्याकडून खाऊ घेत वाढलेल्या मराठी माणसाला ही भावना परकी वाटणार नाही.

प्रथमदर्शनी 'साकामोतो डेज'विषयीचे मत असे बनते. निखळ मारामारीची रंगत शोधणाऱ्याला ही मालिका काही ठिकाणी फिकी वाटेल. त्याने मूळ चित्रकथा हाती घ्यावी. विनोद, माणसे आणि एका अवघड व्रताची रोजची ओढाताण पाहू इच्छिणाऱ्याला मात्र ती भरपूर काही देते. अनेक साहसकथांचा नायक अखेरीस अधिक बलवान होतो. साकामोतो आरंभापासूनच सर्वांत बलवान आहे. त्याला शिकावयाचे आहे ते बळ न वापरणे, आणि या विद्येत तो रोज थोडा उत्तीर्ण व थोडा अनुत्तीर्ण होत असतो. शिनचा मनातल्या मनात खून झालेला असतो. प्रत्यक्षात मात्र त्याच शिनच्या हाती झाडू दिला जातो आणि दुकानाचे दार गिऱ्हाइकांसाठी उघडले जाते.